माती मोरूची, दव सुंदराचं

कुंभिवलीच्या मोरू धाऊ ठोंबरे यानं १९७० सालच्या फेब्रुवारी महिन्यात, चांगलं उजाडलेलं असताना, आपल्या मयत धाकट्या भावाच्या बायकोच्या पायांवर डोकं ठेवलं.

असं काही घडलेलं नाही. निदान मोरूचं म्हणणं तसं आहे. तो म्हणतो, मी वाहाण शोधायला वाकलो होतो. त्या दिवशी तो घरून अनवाणीच निघाला होता, पण त्या भानगडीत आपण पडायचं नाही. तेव्हा वाचकहो, तसं काही घडलंच नाही असं आपण धरून चालू, आणि जे घडलं नाही ते कसकसं घडत गेलं नाही, ते पहिल्यापासून पाहू.

तेव्हा आपल्या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. घाट चढायच्या आधी ट्रकवाले शिळफाट्याला थांबून इंजिनाला पाणी पाजायचे आणि स्वतः चहा प्यायचे, आणि दोघांतूनही सारखीच वाफ निघायची. कुंभिवलीत कारखाने आले नव्हते. हिवाळ्यात पाताळगंगेवरून जे धुकं उठायचं ते नुसतं धुकंच असायचं, त्याला औषधाचा वास नसायचा. भात कापून झालं की त्याच खाचरात वाल टाकायचा आणि घरी येऊन पाय पसरून बसायचं. वालाला पाणी द्यावं लागत नाही. जमिनीत उरलेली ओल आणि पहाटेचं दव, एवढ्यावर तो येतो. 'वाल दवावर येतो' हे आपल्याकडं चड्डी न घालणारं पोरही सांगतं. या तीन शब्दांत काही धोका आहे अशी शंका तोवर कुणाला आली नव्हती.

मोरूकडे दोन गोष्टी होत्या. एक, रस्त्यालगतची पावणेदोन एकर भातजमीन. दुसरी, पदवी. ही पदवी त्याला कुठल्या कॉलेजानं दिली नव्हती, तलाठ्यानं दिली होती. बाप वारल्यावर सातबाऱ्यावर थोरल्याचं नाव लागलं, आणि तलाठ्यानं त्यापुढं बारीक अक्षरात लिहिलं : 'ए.कु.मॅ.' शेजारच्या गावात एक जण बी.ए. होता, तो नावापुढं बी.ए. लिहायचा. मोरूनं मनाशी हिशेब जुळवला. त्यात दोन अक्षरं, यात तीन! तेव्हापासून तो लग्नपत्रिकेतसुद्धा 'आपला नम्र, मोरू धाऊ ठोंबरे, ए.कु.मॅ.' असं छापून घ्यायचा. गावात कुणी हसत नसे, कारण अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. एका माणसाला ठाऊक होता, पण तो लिहिण्यात गुंतलेला असायचा.

तो माणूस म्हणजे युनूसमास्तर. शाळेतून नुकतेच निवृत्त झालेले. डोक्यावर काळी टोपी, खिशात शाईचं पेन, आणि अक्षर असं की खोपोलीपासून लोक अर्ज लिहून घ्यायला येत. गावात बैठक बसली की जे जे बोललं जाईल ते ते मास्तर जसंच्या तसं उतरवून घ्यायचे. एकदा बैठकीत कुणीतरी शिंकलं, तर तेही वहीत आहे.

मोरूचा धाकटा भाऊ गजा काविळीनं गेला. नदीत मासे धरायचा त्याला नाद. त्याच्यामागं राहिलं काय? बायको सुंदरा, घराच्या मागल्या अंगाची एक खोली, आणि आढ्याला टांगलेलं नायलॉनचं फेकायचं जाळं. मूल नव्हतं. एक वर्ष सुंदरानं मोरूच्या शेतात, म्हणजे खरं तर गजाच्याही शेतात, बैलासारखं काम केलं. वर्षश्राद्ध झालं, भात कापून झालं, आणि तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून बैठक मागितली.

देवळापुढच्या पारावर माणसं जमली. सुंदरानं एवढंच म्हटलं, "मला शेताचा एक तुकडा लावून द्या. वालापुरता. माज्या हातचं मला खाऊं द्या."

"तुकडा?" मोरू म्हणाला. "माती काय भाकरी हाय व्हय, तुकडा मोडून द्यायला? नाव कुणाचं हाय सातबाऱ्यावर? माजं. पुडं काय लिवलंय? ए.कु.मॅ.! गजाचं नाव नाय, मग तुजं कुटून येणार?"

"पण भावजी, ते भाऊ होते ना तुमचे."

"भाऊ होता. माती नव्हता."

कुणीतरी म्हातारा म्हणाला, "अरं मोरू, काय तरी दे रं तिला. रिकाम्या हातानं नको लावूं."

मोरूला त्या दिवशी विनोद सुचला. माणसाला आयुष्यात विनोद कमी सुचावेत हेच बरं. तो पाराच्या कडेला ऐसपैस टेकला आणि म्हणाला, "देतो की! वाल दवावर येतो ना? मग माती माजी, दव तुजं! झाली वाटणी! कुंभिवलीवर जेवडं दव पडंल तेवडं समदं सुंदराचं. मी हूं का चूं करायचा नाय!"

पार हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी लिहिलं : 'माती मोरूची. दव सुंदराचं, कुंभिवलीत पडेल तेवढं सगळं. मोरू हूं का चूं करणार नाही.' कागद मोरूपुढं धरला. मोरूनं हसत हसत सही ठोकली आणि पुढं पदवी लिहिली.

सुंदरानं कागदाची घडी घालून कनवटीला लावली. "चालंल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं एक नवीच रीत सुरू केली. मोरूच्या शेतावर मजुरीला जायचं, दिवसभर राबायचं, आणि संध्याकाळी बांधावर बसून तांब्याभर पाण्यानं पाय धुवायचे. नखांतली मातीसुद्धा काडीनं काढायची.

"ह्ये काय चाललंय?" मोरूनं विचारलं.

"तुमची माती हाय, भावजी. माज्या पायानं घरला गेली तर चोरी व्हायची."

मोरूची बायको धोंडूबाई लांबून बघत होती. घरी आल्यावर ती म्हणाली, "आता तुमी पन धुवा की वो पाय. तिचं दव लागलं आसंल, सकाळी गवतातनं गेलावता तवा."

मोरू काही बोलला नाही. हूं का चूं करायचं नाही हे त्याला आठवलं असावं.

माती नाही म्हणजे नाहीच. भिंत सारवायलाही सुंदरा मोरूच्या शेतातलं ढेकूळ घेईना. खोलीच्या मागं मात्र एक काळा कातळ होता, दोन बैलगाड्या उभ्या राहतील एवढा. त्यावर कधी गवताची काडी उगवली नव्हती, म्हणून त्यावर कुणी हक्कही सांगितला नव्हता. विहीर मोरूच्या मातीत खणलेली, तिथून प्यायला दिवसाला एक हंडा मिळे. एका हंड्यात माणूस जगतं, वाल नाही.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी सुंदरा खोलीच्या मागं गेली आणि थबकली. झटकून वाळवायला म्हणून तिनं गजाचं जाळं बांबूच्या दोन खांबांना अडकवलं होतं. रात्रीतून एका कोळ्यानं, आठ पायांच्या, जाळ्याच्या चार-पाच भोकांत आपलं स्वतःचं जाळं विणून टाकलं होतं. गजाच्या जाड दोऱ्या नुसत्या ओलसर होत्या. पण कोळ्याचे धागे! एकेका धाग्यावर पाण्याचे मणी ओवलेले. धागा जिथं उतरता होता तिथं मणी घरंगळत खाली यायचे, एकमेकांना मिळायचे, जड व्हायचे आणि टप्पकन खाली पडायचे. खाली कातळावर तळहाताएवढं पाणी साचलं होतं. चिमणी येऊन पीत होती.

सुंदरा बराच वेळ बघत राहिली. गजा हे जाळं टाकायचा तेव्हा ती काठावर टोपली धरून उभी असायची. मासा आला की तो ओरडायचा, "सुंदरे, धर गं!" आता जाळ्यात पाणी आलं होतं, आणि धर म्हणणारा नव्हता. तिनं आपणहून तांब्या खाली धरला.

ती तडक मास्तरांकडं गेली. "मास्तर, कोळ्याच्या धाग्याला पानी लागतं आन दोरीला नाय, आसं का वो?"

मास्तरांना पंचवीस वर्षांत एकाही पोरानं असा प्रश्न विचारला नव्हता. ते चष्मा पुसत आले, जाळ्यापुढं उकिडवे बसले आणि तासभर तसेच राहिले.

"धागा बारीक आहे ना, म्हणून," ते शेवटी म्हणाले. "धुकं म्हणजे बारीक थेंबच. जाड दोरीला ते वळसा घालून निघून जातात, बारीक धाग्यावर आपटतात. आणि उतार आहे म्हणून खाली येतात. या कोळ्याला कुणी शिकवलं नाही गं, पण माझ्यापेक्षा चांगलं समजावून सांगतो."

मग दोघांनी कोळ्याची नक्कल केली. सुंदरानं नायलॉनच्या दोरीचे पीळ सोडवले, केसासारखे तंतू काढले आणि जाळ्याच्या भोकाभोकातून तिरपे ताणले, सगळे एका बाजूला उतरते. खाली उभा चिरलेला बांबू पन्हाळीसारखा लावला, त्याच्या तोंडाशी हंडा. पहिल्या दिवशी अर्धा तांब्या मिळाला. दाट धुक्याच्या दिवशी हंड्याचा तळ झाकून वर चार बोटं.

आणि माती? तिच्याऐवजी तिनं नारळाची सोडणं घेतली, कुटून मोकळी केली. भाताच्या तुसाची राख घातली. घराची जुनी नळीची कौलं कातळावर ओळीनं उताराला मांडली, त्यांत हे भरलं आणि वाल टोचले. वरच्या कौलातून ठिबकलेलं खालच्यात, खालच्यातलं हंड्यात, हंड्यातलं दुसऱ्या दिवशी परत वर. तांदूळ धुतलेलं आणि सुकट धुतलेलं पाणीही त्याच वाटेनं जायचं. त्यामुळं शेजारच्या मांजरी वालाच्या मोठ्या भक्त झाल्या आणि रोज येऊन बसू लागल्या.

गाव बघून जायचं आणि हसायचं. "सुंदरा कौलं पेरतेय! घर उगवनार आता!"

पौषात कौलांतून वेल वर आले. घर उगवलं नाही, वाल उगवला.

मास्तरांना राहवेना. त्यांनी तालुक्याला शेतीच्या साहेबांकडं एक अर्ज धाडला, सुंदर अक्षरात : 'कुंभिवली येथे कोळ्याच्या जाळ्यावरून बोध घेऊन कातळावर उत्तम उत्पन्न काढले आहे, तरी पाहणी व्हावी.' कागद कुठून कुठं फिरला देव जाणे. पंधरा दिवसांनी एक साहेब मोटारसायकलवरून आले, ते मासेमारीचं बघणारे. कोळी, जाळं, उत्पन्न, एवढं वाचून त्यांच्याकडं पाठवला असणार.

साहेबांनी कातळाला दोन फेऱ्या घातल्या. "मासे कुठं आहेत?"

धोंडूबाई म्हणाली, "वालाच्या कालवनात हायेत सायब. सुकट. बसा, वाडते."

"आणि कोळी?"

सुंदरानं बोटानं दाखवला. कोळी पन्हाळीखाली बसला होता. साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं, त्यानं साहेबांकडं पाहिलं. साहेब जेवून गेले. त्यांनी शेऱ्यात लिहिलं म्हणतात : 'मासे अल्प. वाल रुचकर.'

सरकारी माणूस आपल्या दारावरून जाऊन भावजयीच्या कातळावर जेवला, हे मात्र मोरूच्या जिव्हारी लागलं. त्याला झोप येईना. सकाळी तो कातळाशी जाऊन उभा राहिला.

"हा बांबू माज्या मातीत रोवलाय."

सुंदरानं बांबू काढला आणि दगडांच्या राशीत उभा केला.

मोरू घरी गेला, न्याहारी केली, परत आला. "धुकं नदीवरनं येतं. येताना माज्या शेतावरनं येतं. म्हंजी आदी ते माजं झालं!"

"भावजी, कागुद—"

"कागुद गेला खड्ड्यात! बैठक लावतो मी!"

आणि त्यानं खरंच लावली. वाचकहो, धुक्यावर मालकी सांगायला बसलेली ही आपल्या तालुक्यातली पहिली बैठक असावी. पाऊणशे माणूस आलं. मोरू सातबाऱ्याचा उतारा घेऊन आला होता. तो त्यानं हातभर वर धरला.

"ह्ये बगा! माज्या जमिनीवरनं जे जाईल ते माजं! तिनं जाळं काडायचं. न्हाय तर खोली पन माज्या मातीवर हाय, ती पन मोकळी करायची. मंग जावा म्हायेरला!"

आता ही गंमत राहिली नव्हती. सुंदराच्या माहेरी कुणी उरलं नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं.

सुंदरा उभी राहिली. कनवटीचा कागद काढून तिनं मास्तरांच्या हाती दिला. मास्तरांनी वाचला : "'दव सुंदराचं, कुंभिवलीत पडेल तेवढं सगळं.' सही, मोरू धाऊ ठोंबरे."

"बरं," सुंदरा हळूच म्हणाली. "मंग माजं पन एक मागनं हाय. भावजींच्या शेतात पावनेदोन एकर वाल हाय. आता फुलावर आलाय. त्याला पानी कोन घालतंय? रोज पाटे माजं दव पडतंय त्याच्यावर. दोन म्हैने पितोय तो. भावजींनी माजं दव मला माघारी द्यावं."

एक क्षण कुणाला काही कळलं नाही. मग पाराच्या मागून धोंडूबाईचं हसू फुटलं, आणि त्यापाठोपाठ सगळा पार! हसता हसता एका म्हाताऱ्याचा पानाचा डबा सांडला.

"हसताय काय!" मोरू ओरडला. "मी ए.कु.मॅ. हाय!"

तेव्हा युनूसमास्तरांनी पेनाला टोपण लावलं. हे आजवर बैठकीत घडलं नव्हतं.

"मोरू, ए.कु.मॅ. म्हणजे काय रे?"

"मालक! मोठा मालक!"

"एकत्र कुटुंब मॅनेजर," मास्तर म्हणाले. "मालक नव्हे. सगळ्या कुटुंबाची जमीन, आणि तू तिचा नुसता मॅनेजर. त्या कुटुंबात गजा होता. गजाच्या मागं सुंदरा आहे. विधवेला नवऱ्याचा हिस्सा मिळतो, हा कायदा होऊन तेरा-चौदा वर्षं झाली. हे मला कार्तिकातच माहीत होतं. पण मी लिहीत बसलो. समोर अन्याय होत होता आणि मी अक्षर चांगलं काढत होतो. माझी चूक मी पहिली कबूल करतो."

मास्तर पुढं म्हणाले, "तू म्हणालास माती माझी. हरकत नाही. तिनं मातीवाचून वाल आणून दाखवला. आता तू एक कर. बाईवाचून शेत आणून दाखव! लावणी कुणी केली? कापणी कुणी केली? तुझ्या घरात भाताचा एक दाणा दाखव, ज्याला धोंडूचा नाही तर सुंदराचा हात लागला नाही!"

"माजं नाव घेतल्याबद्दल बरं वाटलं, मास्तर," मागून धोंडूबाई म्हणाली. "सातबाऱ्यात तर मी पन कुटं नाय."

बैठकीनं निकाल दिला. जमिनीचं काय ते मोरूनं आठ दिवसांत ठरवावं. तोवर शब्द म्हणजे शब्द : रोज सकाळी त्यानं आपल्या वालावरचं दव सुंदराला पोचतं करावं.

मोरू हट्टी होता. वाटणी देण्यापेक्षा दव देईन, म्हणाला. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो तांब्या आणि जुनं धोतर घेऊन शेतात उतरला. धुकं असं की स्वतःचा हात दिसेना. तो पहिल्या ओळीशी बसला. पान पुसायचं, पुढचं पान पुसायचं, धोतर पिळायचं. चार पानं, एक थेंब. दोन ओळी झाल्या तेव्हा त्याची कंबर मोडून आली आणि तांब्याचा नुसता तळ ओला झाला होता.

एक पान धोतराला सापडेना म्हणून त्यानं ते जिभेनं टिपलं.

आणि तो तसाच बसून राहिला.

ही चव त्याच्या ओळखीची होती. तो सात वर्षांचा आणि गजा पाच, तेव्हा दोघं याच बांधावर पालथे पडून वालाची पानं चाटायचे. कोण जास्त दव पितो याची पैज. बाप ओरडायचा, "गाढवांनो, वाल वाळंल ना रं!" आणि गजा म्हणायचा, "दादा, तू त्या अंगानं पी, मी ह्या अंगानं पितो." वाटणी तेव्हाच झाली होती. त्या वाटणीत बांध नव्हता. संध्याकाळी पोपटी लागायची. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मडकं उपडं घालून भोवती जाळ. मडकं फोडलं की गजा पहिली शेंग नेहमी दादाला द्यायचा. तोंड भाजलेलं कळावं म्हणून, असं तो सांगायचा; पण द्यायचा.

"गजा, लेका," मोरू धुक्यात म्हणाला, "तुजं दव मी यकटाच प्यालो रं."

तांब्या घेऊन तो कातळाकडं निघाला. वाहाणा घरीच राहिल्या होत्या. पाय चिखलानं भरले होते. सुंदरा कौलातला एक वेल उचलून बघत होती. सोडणातून खाली मुळं लोंबत होती, पांढरीशुभ्र. त्यांना मातीचा कण नव्हता. शेंगा धरल्या होत्या.

मोरू कातळावर पाय ठेवणार, तोच सुंदरा म्हणाली, "भावजी, थांबा."

तो थांबला.

"पाय धुवा आदी. तुमची माती माज्या कातळावर नको."

ती हे टोमण्यानं म्हणाली असती तर मोरू भांडला असता. पण ती तसं म्हणाली नाही. अंगवळणी पडलेलं सांगावं, तसं तिनं सांगितलं. तीन महिने रोज संध्याकाळी तीच करत होती ते. मोरूला बांधावर उकिडवी बसून नखांतली माती काढणारी बाई दिसली. त्यानं ती तेव्हाही पाहिली होती. दिसली आज!

त्यानं आणलेलं दव स्वतःच्या पायांवर ओतलं. दोन ओळींचं पाणी, चार बोटंही भिजली नाहीत. मग पुढं होऊन तो वाकला, आणि वाहाण शोधू लागला.

"आवो भावजी! ह्ये काय! उटा!" सुंदरा मागं सरकली. "मला पाप लागंल!"

"वाहान शोदतोय गं," मोरू म्हणाला. पण त्याला लवकर सापडली नसावी. बराच वेळ तो वर उठला नाही.

तिसऱ्या दिवशी दोघं तलाठ्याकडं गेले, धोंडूबाई मागून गेली. तलाठ्यानं कागद काढला. "सुंदराबाईंचं नाव लावायचं? लावू की. बायांची नावं आम्ही 'इतर हक्क' या रकान्यात टाकतो."

"इतर?" मोरू म्हणाला. "माज्या भावाची बायको इतर? मी इतर, तुमी इतर! वर घ्या. मालकाच्या रकान्यात. आन तिच्याखाली माज्या बायकोचं पन. माज्या वाट्यातलं."

धोंडूबाई त्या दिवशी पहिल्यांदाच काही बोलली नाही.

असं ते झालं. त्या सालची पोपटी कातळाजवळ लागली. मडकं फुटल्यावर मोरूनं पहिली शेंग सुंदराला दिली आणि तोंड भाजलं का ते विचारलं. बाजूला मांजरी बसल्या होत्या. युनूसमास्तर वही घरी ठेवून आले होते.

आता जिल्हा रायगड झाला. हमरस्ता रुंदावला, कातळ फोडून त्याची खडी झाली, आणि त्या खडीवरून तुम्ही-आम्ही मुंबईला जातो. सुंदराबाईचा वाल आता मातीतच येतो, स्वतःच्या मातीत. पण बंधूंनो आणि भगिनींनो, पहाटे त्या बाजूनं गेलात तर एवढं ध्यानात धरा : झाडाला मातीवाचून भागतं, हे एका बाईनं आणि एका कोळ्यानं मिळून दाखवलं. माणसाला हिश्शावाचून भागत नाही. घरातल्या बाईचं नाव कागदावर नसेल, तर आपण मालक नव्हे, नुसते मॅनेजर आहोत, आणि तेही चांगले नव्हे!

मोरूनं पुढं एकच अर्ज केला. मास्तरांनी तो शब्द न बदलता लिहून दिला. त्याची स्थळप्रत अजून घरात आहे, उत्तराची वाटही अजून घरात आहे.

मा. तहसीलदारसाहेब, तालुका खालापूर, जिल्हा कुलाबा यांचे सेवेशी.

विषय : सातबाऱ्यात दुरुस्ती होणेबाबत.

अर्जदार विनंतीपूर्वक कळवितो की, 'जलसिंचनाचे साधन' या रकान्यात विहीर व पाट लिहिण्याची सोय आहे, मात्र कोळी लिहिण्याची सोय नाही. तरी मौजे कुंभिवली येथील कातळापुढे 'कोळी, नग एक, पाय आठ, मासे मारीत नाही' अशी नोंद व्हावी. सदर कोळी पाहणीसाठी दररोज सकाळी जागेवर हजर असतो.

तसेच 'इतर हक्क' या रकान्यात तालुक्यातील पुष्कळ बाया बसविलेल्या आढळतात. तरी 'इतर' हा शब्द सर्व गावांच्या सर्व दप्तरांतून एकाच दिवशी खोडण्यात यावा. त्याकामी लागेल तेवढी शाई अर्जदार स्वखुशीने पुरवील. शाई कमी पडल्यास दव घालून वाढविता येईल. दवाच्या मालकीणबाईंची परवानगी घेतलेली आहे.

कळावे, आपला नम्र,
मोरू धाऊ ठोंबरे,
ए.कु.मॅ. (निवृत्त)